शेरवानीच्या खिशातला गूळ

भुजंगराव वकिलांच्या शेरवानीला मुंग्या लागायच्या.

हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे धूत नव्हते की काय? धूत होते की. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ती शेरवानी उलटी करून झटकायच्या, उन्हात घालायच्या, खिशाच्या शिवणीत हळद चोळायच्या. पण डाव्या खिशात गुळाचा खडा असायचाच, आणि परभणीच्या मुंग्यांना तो खिसा तोंडपाठ झाला होता. मुन्सिफ कोर्टात वकीलसाहेब बोलायला उभे राहिले की थोड्या वेळानं खिशातून एक बारीक काळी रांग निघायची आणि बटणांच्या कडेकडेनं गळ्यापर्यंत चढायची. त्यांना पत्ता नसायचा. समोरचा वकील मात्र ती रांग बघत राहायचा, आता कॉलरीत शिरेल, मग शिरेल, आणि स्वतःचा मुद्दा विसरायचा. भुजंगरावांनी जिंकलेल्या निदान काही दाव्यांचं श्रेय मी मुंग्यांना देतो.

निजामाचं राज्य होतं आणि बाहेर मोठी लढाई चालू होती. कोर्टाचं सगळं काम उर्दूत. मी जिंतूरहून आलो होतो, भुजंगरावांच्या हाताखाली वकिली शिकत होतो आणि त्यांच्याच घराला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. त्यांची उर्दू ऐकायला दुसऱ्या कोर्टातले कारकून दारात येऊन उभे राहायचे. मराठीतही ते तसेच बोलत. पाणी हवं असेल तर 'पाणी द्या' म्हणायचे नाहीत. 'गौर करा,' म्हणायचे, 'उन्हाळ्याचे दिवस आहेत, माणूस सकाळपासून बोलतो आहे, अशा हालतीत एक तांब्या इनायत झाला तर आमची काही तक्रार राहणार नाही.' तोवर काकूंनी तांब्या त्यांच्यासमोर आदळलेला असायचा.

त्यांना मधुमेह होता. त्या काळी आमच्याकडं लोक 'साखरेची बीमारी' म्हणायचे आणि ती झालेला माणूस वाळून वाळून जातो एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. भुजंगराव गेले नव्हते, कारण हैदराबादच्या एका डॉक्टरनं त्यांना इन्सुलिनची सुई लावून दिली होती. औषधाची बाटली हैदराबादहून आगगाडीनं यायची, ओल्या भुश्शात गुंडाळलेली. घरात ती एका मडक्यात, ओल्या फडक्याखाली, देवासारखी बसवलेली असायची. सकाळी सुई दगडावर घासायची, काचेच्या पिचकारीसकट उकळायची आणि मांडीत टोचून घ्यायची. परभणी जिल्ह्यात असं टोचून घेऊन जगणारा दुसरा माणूस आम्हाला कुणाला माहीत नव्हता. सुईची वेळ झाली की काकू तुळशीला पाणी घालायला अंगणात जायच्या आणि सगळं आटपेपर्यंत घालत राहायच्या. त्या तुळशीची मुळं कुजायची ती त्यामुळंच.

सुईच्या आधी आणखी एक विधी असे. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि शेगडीवर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. विटकरी झाला तर खैर नाही. वकीलसाहेब ती नळी उजेडात धरून भिंतीपलीकडून मला पुकारायचे, 'वकील! आज निळा!' सगळ्या गल्लीला कळायचं. दूध घालणारा गवळीसुद्धा विचारायचा, 'आज कंचा?'

आता गुळाचं. सुई टोचली की वेळेवर खावं लागतं. नाही खाल्लं तर अंगातली साखर इतकी उतरते की माणूस माणसात राहत नाही. घाम फुटतो, हात कापतात, जीभ जड होते, डोकं फिरतं. तेव्हा चटकन काहीतरी गोड तोंडात घालायचं, की थोड्या वेळानं सगळं ठीक. म्हणून तो खिशातला खडा. पण कोर्टाला कुणाच्या जेवणाची वेळ ठाऊक नसते. आणि झटका आला की खिशात गूळ आहे हेच भुजंगराव विसरायचे.

मी पाहिलेला पहिला झटका भर कोर्टातला. बांधावरच्या आंब्याचा दावा होता. आमचे न्यायाधीश, मुन्सिफसाहेब, म्हणजे हैदराबादचे खानदानी गृहस्थ, पिकली दाढी, शिंकायचे तरी रुमालात आणि माफी मागून. भुजंगराव 'जनाबे आली' करत छान रंगात आले होते. मधेच थांबले. कपाळावर घाम. आणि त्या मधाळ उर्दूच्या जागी, त्यांच्या आईच्या गावाकडची रोखठोक बोली बाहेर पडली.

'आरं, तू हितं बसून काय करायलास?' ते मुन्सिफांना म्हणाले. 'लय ऊन झालं. म्हातारा माणूस तू. ऊठ, घरी जा, भाकर खा!'

भुजंगरावांनी आपली पगडी काढली, विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या डोक्यावर मोठ्या मायेनं ठेवली आणि त्याचा गाल कुरवाळला. तो बिचारा नाक पुढं करून यांच्या तोंडाला वास येतो का बघू लागला. मला वकीलसाहेबांनीच आधी बजावून ठेवलं होतं, म्हणून मी धावलो, त्यांच्या खिशात हात घातला आणि मुंग्यांसकट खडा त्यांच्या तोंडात कोंबला. त्यांनी माझं बोट चावलं. मग बाकावर बसून हळूहळू चघळू लागले. रंग परत आला, डोळे स्थिर झाले. उठले, पगडी परत घेतली, शेरवानी नीट केली आणि लवून म्हणाले, 'जनाबे आली, मैं कहाँ तक पहुँचा था?'

मुन्सिफसाहेब शांतपणे म्हणाले, 'वकीलसाहब, आप हमें घर भेज रहे थे.'

त्या दिवसानंतर भुजंगरावांच्या तोंडून एक मराठी शब्द निघाला की मुन्सिफसाहेब हात वर करून कामकाज थांबवायचे आणि पेशकाराला, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाला, सांगायचे, 'गुड़ दीजिए.' एकदा तर वकीलसाहेब अगदी शुद्धीवर होते आणि समोरच्या साक्षीदाराला जाणूनबुजून मराठीत गाढव म्हणाले होते. तरी गूळ मिळाला. तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. पुढं मला म्हणाले, 'गौर करा, शिवी देऊन वर गूळ मिळण्याची सोय हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या कोर्टात आहे?'

बाजारातली गोष्ट मात्र इतकी सुखाची नव्हती.

काकूंना 'गोड खाऊ नका' हे डॉक्टरचं वाक्य कळलं होतं. 'झटका आला तर गोड द्या' हे दुसरं वाक्य त्यांना नवऱ्यानं मधे घुसडलेलं कलम वाटायचं. खिशातल्या एका खड्याला त्यांनी नाइलाजानं परवानगी दिली होती. बाकी बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं, की वकीलसाहेबांनी काहीही गोड मागितलं तरी द्यायचं नाही. वीरभद्रअप्पा किराणावाले तर गळ्यातलं लिंग हातात धरून कबूल झाले होते. मोठा सज्जन माणूस. वकीलसाहेबांवर त्यांचा फार जीव.

त्या बाजारच्या दिवशी शेरवानी धुवायला गेली होती. भुजंगराव साध्या सदऱ्यात, रिकाम्या खिशानं बाहेर पडले आणि भर गर्दीत त्यांना जाणवलं की हात कापायला लागले आहेत. अजून शुद्ध होती. मी मागून दुकानाशी पोचलो तेव्हा ते अप्पांसमोर उभे राहून अर्ज करत होते.

'अप्पा, गौर करा. एक खडा. सुपारीएवढा. इनायत करा.'

'न्हाई साहेब.' अप्पांनी हात जोडले. 'तुमाला गूळ देणं म्हंजे आमाला पाप हाय. दुसरं काय बी मागा. तिखट घ्या, मीठ घ्या.'

'अप्पा, मी मरतो आहे.'

'म्हणूनच देत न्हाई म्हणायलोय!' अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुढचा युक्तिवाद मराठवाडी बोलीत झाला आणि तो मी इथं लिहू शकत नाही. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत वकीलसाहेब ओट्यावर चढले, गुळाच्या ढेपेला मिठी मारली आणि बकरी पाला ओरबाडते तसे तिला थेट दात लावले. अप्पा त्यांना मागून ओढतायत, वकीलसाहेब ढेप सोडत नाहीत, आणि बाजार गोळा झालेला. कुणी म्हणालं, 'वकील पिऊन आलाय.' कुणी म्हणालं, 'झपाटलंय.' एवढ्यात एका बाईनं पुढं होऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तिची खात्रीच झाली होती की अंगात आलंय.

'देवा, म्हस सापडंना माझी. कुठं गेली सांग.'

भुजंगरावांनी ढेपेतून तोंड वर काढलं. मिशीला गूळ, डोळे तांबडे. 'जिंतूरला!' ओरडले आणि पुन्हा खाली वाकले.

म्हैस जिंतूरच्या रस्त्यालाच सापडली. पुढं कितीतरी दिवस बायका कुणाचं हरवलेलं काही ना काही विचारायला वकिलांच्या दारी येत होत्या, आणि वकीलसाहेब प्रत्येकीला अदबीनं सांगत होते की हा मामला आमच्या अखत्यारीतला नाही.

घरी मात्र भांडण झालं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

'डॉक्टर म्हणतो गोड खाऊ नका, तुम्ही म्हणता गोड द्या. ह्यातलं खरं कोणतं?'

'दोन्ही.'

'दोन्ही कसं असंल? वकिली मला नका सांगू.'

मग वकीलसाहेबांचा आवाज, अगदी साधा, त्यात 'गौर' नव्हता की 'इनायत' नव्हती. 'बाजारात मी मरत होतो आणि लोक हसत होते. तुला कसं सांगू ते?'

दुसऱ्या दिवसापासून काकू स्वतःच्या हातानं गूळ फोडून त्यांच्या खिशात टाकू लागल्या. अप्पांकडं जाऊन त्यांना त्यांच्या शपथेतून मोकळं करून आल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक नवल घडलं. झटके थांबले. आठवडे गेले, मुन्सिफांना कुणी घरी जायला सांगितलं नाही. कोर्ट लांबलं, जेवण चुकलं, तरी वकीलसाहेब उभे, उर्दू जागच्या जागी. गावानं आनंद मानला. गवळी म्हणाला, 'बरे झाले जणू.' सकाळी भिंतीपलीकडून रंगाची आरोळी येणंही बंद झालं, पण आनंदाच्या भरात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काकूंच्या आलं. त्या एकदा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. 'तुम्ही बघितलंत का त्यांच्याकडं? सदरा खांद्यावरून गळायलाय. तांब्यामागं तांब्या पाणी प्यायलेत. नळी मला दाखवत नाहीत. मी आज चोरून बघितली. वीट. नुसती वीट.'

मी म्हणालो, लढाईमुळं बाटली यायला उशीर होतो, प्रवासात औषधाचा जोर उतरत असेल.

'जोर उतरला असंल तर दुपारी मडक्यात बाटली का नसते?' त्या म्हणाल्या. 'आणि तेव्हाच ती पिचकारीची डबी काखेत मारून हे कुठं जातेत?'

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्यांच्या मागं गेलो. वकीलसाहेब वीरभद्रअप्पांच्या दुकानात शिरले आणि दुकानामागच्या घरात गेले. काकू थांबल्या नाहीत. मीही नाही.

आत चुलीवर पिचकारी उकळत होती. भुजंगराव चुलीसमोर उकिडवे बसले होते. बाजेवर एक मुलगी पडली होती, सोळा-सतरा वर्षांची, पण अंथरुणात आहे की नाही कळू नये इतकी वाळलेली. नुसते डोळे. अप्पांच्या बहिणीची मुलगी, महादेवी. पालमची. लग्न ठरलं होतं आणि एकाएकी तहान-तहान करत झिजायला लागली. पालमहून बैलगाडीत घालून गंगाखेडला आणि तिथून आगगाडीनं परभणीला आणली होती. इथल्या डॉक्टरनं रोग ओळखला आणि औषध मिळणार नाही हेही सांगितलं. लढाईत जुन्या गिऱ्हाइकांनाच पुरत नव्हतं, नव्याला कुठून देणार? अप्पा हे वकीलसाहेबांना नुसतं सांगायला गेले होते. मागायला नाही.

'बाईसाहेब,' अप्पा काकूंना म्हणाले, 'म्या नको म्हणायलो होतो. साहेब ऐकनात.'

भुजंगराव उठले. 'गौर करा,' त्यांनी सुरुवात केली, 'एका बाटलीत जर दोन—'

'गौर मी केलाय,' काकू म्हणाल्या. 'अर्धं तुम्ही, अर्धं ही. म्हणून झटके नाहीत. आणि असं कुठवर?'

'दुसरी बाटली मिळेपर्यंत. मी हैदराबादला लिहिलंय.'

'आणि नाही मिळाली तर?'

ज्यांच्या जिभेवर कोर्ट तोललेलं असायचं ते वकीलसाहेब चुलीतलं लाकूड सारखं करू लागले. काकू बाजेशी गेल्या, मुलीचा हात हातात घेतला, मनगट बोटांच्या चिमटीत मावतंय हे बघितलं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, 'हात कापायलाय तुमचा. पोरीला उगी दुखवाल. सरका, मला शिकवा.'

आणि ज्या बाईनं आजवर सुईकडं नजर टाकली नव्हती, तिनं त्या दिवशी पिचकारी भरली. ओठ घट्ट मिटून, डोळे उघडे ठेवून.

मी तसाच मुन्सिफसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. त्यांच्या ओळखी हैदराबादेत होत्या हे मला माहीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, 'हमें भी शक था. इतने दिन हो गए, किसी ने घर नहीं भेजा.' त्यांचा मेहुणा तिकडं डॉक्टर होता. किती चिठ्ठ्याचपाट्या झाल्या मला ठाऊक नाही, पण महिनाअखेर परभणी स्टेशनवर ओल्या भुश्शात गुंडाळलेल्या दोन बाटल्या उतरल्या, आणि पुढंही उतरत राहिल्या.

वकीलसाहेबांचा सदरा पुन्हा खांद्यावर बसला. मुन्सिफसाहेब पुन्हा अधूनमधून घरी पाठवले जाऊ लागले. महादेवीच्या गालावर मांस आलं, ती मामाच्या दुकानात बसून डाळी निवडू लागली.

एका बाजारच्या दुपारी कोर्टाला जेवणाची सुट्टी झाली म्हणून आम्ही दोघं त्या बाजूनं परतत होतो. अप्पांच्या दुकानासमोर गर्दी दिसली. महादेवी ओट्यावर उभी होती, घामानं चिंब, मूठमूठ हरभऱ्याची डाळ मामाच्या अंगावर फेकत होती आणि असं काही बोलत होती की गिऱ्हाइकं कानावर हात ठेवून हसत होती. अप्पा डाळीचा मारा खात पुढं सरकले, तिच्या तोंडात गूळ घातला आणि तिला धरून खाली बसवलं.

शुद्धीवर आल्यावर तिनं भोवती बघितलं, आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. 'काय काय बोलले म्या मामाला. समदे बघायलेत.'

भुजंगरावांनी गर्दी पांगवली. उर्दूत नाही, मराठीत. मग धुतलेल्या शेरवानीसकट ते दुकानाच्या पायरीवर तिच्याशेजारी बसले.

त्यांनी हळूच विचारलं, 'आधी ओठ बधिर होतात का ग?'

तिनं पदरातून मान हलवली. 'व्हय.'

'आणि माणसं? लांब गेल्यासारखी?'

'लांब न्हाई, काका.' तिनं तोंड बाहेर काढलं. 'जवळच असतेत. पर हिरीच्या तळातून बोलल्यावानी आवाज येतो.'

वकीलसाहेब पुरते तिच्याकडं वळले. 'विहिरीच्या तळातून,' ते म्हणाले. 'बरोबर. अगदी बरोबर. मला इतकी वर्षं तो शब्द सापडत नव्हता.'

'अन् मला कळायलंय की म्या वंगाळ बोलायलेय. पर थांबता येत न्हाई. समद्यांचा राग येतो. ते हुबे हायेत न् म्या बुडायलेय म्हणून.'

'म्हणून,' भुजंगराव म्हणाले. 'हो. म्हणूनच येतो. आणि नंतर थंडी वाजते.'

'लय. हाडात.'

'हाडात,' ते म्हणाले, आणि हसले. असं हसताना मी त्यांना कोर्टात, घरात, कुठंच पाहिलं नव्हतं. मग ते पुढं सरकून तिला एकेक विचारू लागले आणि ती सांगू लागली. पुष्कळदा दोघांचं वाक्य एकदमच पुरं व्हायचं. अप्पांनी दोघांपुढं भाकरी आणून ठेवली, ती त्यांनी बोलता बोलताच खाल्ली. सुट्टी संपत आली तसा मी दोनदा खाकरलो. त्यांना ऐकू गेलं नाही.

मी एकटाच कोर्टात परतलो आणि मुन्सिफसाहेबांना अर्ज केला की वकीलसाहेबांना आज पुढची तारीख मिळावी.

त्यांनी चष्मा खाली केला. 'तबीयत?'

'ठीक है, हुजूर. बातें कर रहे हैं.'

'किससे?'

दोघांचं वय, जात, गाव, काहीच एक नव्हतं.

'परदेस में थे, हुजूर,' मी म्हणालो. 'अपने गाँव का कोई मिल गया है.'

मुन्सिफसाहेबांनी तारीख दिली.